आवाज बदलला की

आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली आहे. उजवा हात कोपराखाली प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. झोळीच्या पट्ट्यात तुळशीची माळ अडकते, ती डाव्या हाताने सोडवते, थोड्या वेळाने पुन्हा अडकते. तीन आठवड्यांपूर्वी मागच्या दारी ओल्या फरशीवर पाय घसरला आणि मनगट गेलं. अजून तीन आठवडे तरी हात असाच राहायचा आहे. तोवर ओट्यापुढे बाबा.

बाबांनी कारखान्यातला जुना निळा शर्ट घातला आहे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. 34 वर्षं ते लेथवर होते. ओट्यावर त्यांनी सगळं ओळीने मांडून ठेवलंय: पिठाचे डबे, ताकाचं पातेलं, सोड्याची बाटली, चमचे मोठ्यापासून लहानापर्यंत. आईच्या ओट्यावर अशी रांग कधी दिसली नाही. तिथे सगळं हाताला लागेल तसं असायचं आणि तिच्या हाताला बरोबर लागायचं.

जानेवारीतला रविवार आहे, सकाळचे साडेनऊ. चिंचवडच्या आमच्या घरात ऊन उशिरा शिरतं, त्यामुळे फरशी अजून गार आहे आणि स्टुलावर बसलेल्या माझ्या छोटीने पाय पोटाशी घेतले आहेत. वय 7. तिच्या मांडीवर ताटली, ताटलीत किसणी.

"आबा, पॅनकेक हां. धिरडं नको."

"दोन्ही एकच गं," आई दारातून म्हणते.

"नाही आजी. पॅनकेक जाड असतो. आणि आत चीज असतं."

"जाड म्हणजे आंबोळी झाली."

छोटी माझ्याकडे बघते. मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने हा पदार्थ खाल्ला, त्याला महिना झाला. तेव्हापासून जाड, मऊ, हिरवे ठिपके असलेला आणि तोडला की तार येणारा पॅनकेक तिच्या डोक्यात आहे. ठाण्याच्या घरी मी दोनदा करून दिला. दोन्ही वेळा ती म्हणाली, तसा नाही झाला. मी महाविद्यालयात अन्नतंत्रज्ञान शिकवते, तरीही. मग काल रात्री फोनवर तिने आबांना सांगितलं आणि आबा म्हणाले, या उद्या, करू. त्यांनी आयुष्यात पहिला चहा निवृत्तीनंतर केला, पहिला वरण-भात या तीन आठवड्यांत.

बाबा पालेभाज्या काढतात. थंडीतल्या मंडईसारखी मंडई वर्षात दुसरी नाही. शेपूच्या जुड्या या दिवसांत अशा कोवळ्या येतात की देठसुद्धा टाकावंसं वाटत नाही, मेथीची पानं बोटाच्या पेराएवढी असतात आणि कांद्याच्या पातीचे पांढरे गड्डे नुकते गोलाईला लागलेले असतात. बाबांनी मेथी आणलेली नाही, आईने सांगितलं होतं म्हणून: चीजबरोबर कडू नको. आणलंय ते शेपू, कोथिंबीर, पात आणि मूठभर पुदिना. गॅलरीतल्या कुंडीतला पानओवा तोडायला छोटीला पाठवलं होतं. तिने चार पानं आणलीत, जाड, लव असलेली, कडा कातरलेल्या.

"दोनच घ्या," आई म्हणते. "पानओवा पुढे पुढे करतो. बाकीच्यांना बोलू देत नाही."

बाबा सगळं धुतात आणि थेट पाटावर घेतात. आई खुर्चीत पुढे सरकते.

"अहो, पुसा आधी. फडक्यात घालून झटका. नाहीतर त्या पाण्याने पीठ सैल होईल आणि मग तुम्ही वरून पीठ घालत बसाल."

बाबा जुन्या धोतराच्या फडक्यात पाला गुंडाळतात आणि गॅलरीत जाऊन दोन्ही हातांनी झटकतात. थेंब उडतात, छोटी ओरडते. परत येऊन ते फडकं उघडतात आणि शेपूचा वास घरभर होतो.

शेपूच्या वासावर महाराष्ट्रात घरं दुभंगतात. आमच्याही घरात बाबा आणि मी एका बाजूला, आई दुसऱ्या. आणि छोटी आईच्या बाजूला, आतापर्यंत. ती नाक दाबून धरते.

"हे नको ना."

"तुझ्या त्या पॅनकेकमध्ये हेच होतं," मी तिला सांगते. "तिकडचे लोक चीजबरोबर, बटाट्याबरोबर, माशाबरोबर हेच घालतात."

ती विश्वास ठेवत नाही. मला मात्र हा वास आला की तिच्या जन्मानंतरचे दिवस आठवतात. रोज जेवणानंतर आई माझ्या तळव्यावर भाजलेला बाळंतशेपा ठेवायची. ते याच झाडाचं बी. दूध यावं, पोट शांत राहावं म्हणून. 1851 साली इंग्लंडमध्ये वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने तान्ह्या मुलांसाठी ग्राइप वॉटर काढलं, त्यातही शेपूचं तेल होतं. म्हणजे छोटीने हा वास तोंडाने नाही म्हणायच्या आधी कितीतरी महिने घेतलेला आहे.

बाबा चिरायला घेतात. आई विळीवर चिरते, पाय मुडपून, पातं स्वतःकडे करून, भाजी पात्यावर ढकलत. तिची कोथिंबीर तुकडे झाल्यासारखी दिसतच नाही, सुटलेली दिसते. बाबा सुरीने पाटावर चिरतात. जुडी एका हाताने घट्ट धरायची, बोटं आत वळवायची, टोकापासून सरळ रेषेत यायचं, प्रत्येक काप तेवढाच. पातीच्या चकत्या तर अशा पडतात की त्यांना मोजपट्टी लावावी. हिरव्याची बाजू वेगळी, पांढऱ्याची वेगळी. आई काही बोलत नाही. चिरून झाल्यावर एवढंच म्हणते, "छान झाली." बाबा मागे वळत नाहीत, पण सुरी फडक्याला दोनदा पुसतात.

पिठाचं माप त्यांनी कागदावर लिहून घेतलंय. एक वाटी कणीक, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, दोन मोठे चमचे बेसन. आई माळकरी, त्यामुळे अंड्याचा प्रश्न नाही, आणि अंड्याने जे बांधलं गेलं असतं ते काम बेसन करतं. दीड वाटी आंबट ताक. थंडीत विरजण उशिरा लागतं म्हणून ताक परवाचं आहे, चांगलं आंबटलेलं. बाबा ते थोडं थोडं ओततात आणि पळीने फिरवतात. गाठी मोडतात. मग पुन्हा फिरवतात. त्यांचा हात थांबायला तयार नाही.

"बास करा, बाबा," मी म्हणते. "कणकेला जास्त घोळलं की चिकटपणा सुटतो. पोळीला तो हवा, याला नको. वातड होईल."

"गाठी आहेत अजून."

"राहू देत. वीस मिनिटं झाकून ठेवा, आपोआप भिजतील."

ते नाइलाजाने झाकण ठेवतात. गाठ दिसत असताना काम पुढे न्यायचं त्यांच्या स्वभावात नाही. सोडा अजून घातलेला नाही. तो अगदी शेवटी, तवा तापल्यावर. सोडा आणि ताक भेटले की बुडबुडे त्याच क्षणी सुटायला लागतात, वाट बघत नाहीत.

वीस मिनिटांत चीज. छोटीने चार क्यूब सोडले आहेत, 25 ग्रॅमचे, म्हणजे 100 ग्रॅम. आवरणाचे चंदेरी चौकोन तिने गुळगुळीत करून ओळीत ठेवलेत, आबांसारखे. आई डब्यावरचा हिरवा ठिपका बघते. चीज घरात आलं की ती दर वेळी बघते आणि तिने बघावं यात मला काही वावगं वाटत नाही. चीज गोठवायला लागणारं विकर जुन्या युरोपात वासराच्या पोटातून यायचं. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये ते सूक्ष्मजीवांकडून मिळवलेलं असतं. तिला हे मी पूर्वी सांगितलंय, तरी ठिपका ती स्वतःच्या डोळ्यांनी बघते.

"पण पनीर घरात आहे की," ती म्हणते. "परवा दूध नासलं त्याचं. चीजच कशाला पाहिजे?"

"पनीरला तार येत नाही, आजी."

"का नाही येत?"

सात वर्षांच्या मुलीने आजीला उत्तर द्यायचं तर ती माझ्याकडे बघणार. पण मी बोलायच्या आधीच बाबा गॅस पेटवतात. तवा ठेवतात. पनीरचा एक तुकडा आणि चीजचा एक तुकडा, दोन्ही सारख्याच आकाराचे कापून, तव्यावर दोन बोटांच्या अंतराने ठेवतात.

"बघू," ते म्हणतात.

आम्ही चौघं तव्याकडे बघतो. आई खुर्चीतून उठून आली आहे. चीजचे कोपरे आधी जातात, गोल होतात, मग तुकडा बसतो, चकाकतो, पसरतो. पनीर तसंच उभं. खालून सोनेरी होतं, एका बाजूने थोडं पाणी सोडतं, पण आकार सोडत नाही. बाबा उलथण्याच्या टोकाने दोन्ही दाबून बघतात. पनीर दाबाला उलटा दाब देतं. चीज उलथण्याबरोबर वर येतं, बारीक तार होऊन.

मग मी सांगते. दुधातल्या प्रथिनांना एकमेकांशी धरून ठेवायला कॅल्शियम लागतं. विकराने दूध गोठवलं की ते कॅल्शियम आतच राहतं, आणि गरम केल्यावर ही पकड ढिली होते, म्हणून चीज वाहतं. पनीर करताना आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो. आंबटपणाने कॅल्शियम निथळून पाण्यात जातं, आणि उकळल्यामुळे दुधातली दुसरी प्रथिनंही त्याच जाळ्यात येऊन बसतात. ते जाळं नंतर कितीही तापवा, सुटत नाही. क्यूबच्या चीजची गोष्ट आणखी थोडी पुढची. 1911 साली स्वित्झर्लंडमधल्या थून गावी गेर्बर आणि श्टेटलर या दोघांनी चीज सोडियम सिट्रेट घालून वितळवलं. उष्ण देशांत पाठवताना टिकावं म्हणून. तेव्हापासून वितळताना तूप आणि पाणी वेगळं न होणारं हे चीज जगभर गेलं.

"सिट्रेट म्हणजे लिंबाचंच ना काहीतरी?" आई विचारते.

"लिंबातल्या आम्लाचाच क्षार."

"म्हणजे लिंबाने एकाला घट्ट केलं आणि दुसऱ्याला सैल."

मी वर्गात हे इतक्या कमी शब्दांत कधी सांगितलेलं नाही.

बाबा ठरवतात: दोन्ही घालायचं. पनीर चुरून पिठात, दाताखाली यायला. चीज अर्धं पिठात, अर्धं वरून. आई मिठाचा डबा डाव्या हाताने स्वतःकडे ओढते आणि चिमटीने मीठ घालते, नेहमीच्या निम्मं. चीजला मीठ असतंच. मोठ्यांसाठी एक हिरवी मिरची ठेचून वेगळी वाटीत.

आता तवा. हा तवा बिडाचा आहे. आईने आळंदीच्या कार्तिकी यात्रेत घेतला, माझ्या जन्माच्या आधी. घरात नॉनस्टिकचे दोन आले आणि खरवडून गेले, हा आहे तिथेच आहे. काळा, मधोमध किंचित खोलगट, कडेला एके ठिकाणी टवका. वर्षानुवर्षं तेल लावून तापवल्यामुळे त्याच्यावर तेलाचाच एक कडक थर बसलाय आणि त्या थरावर काही चिकटत नाही. बाबांना या तव्याबद्दल वेगळं ममत्व आहे. कारखान्यात त्यांनी बीड पुष्कळ कापलं. पोलाद कापलं की लांब, वळवळीत फीत निघते. बीड कापलं की काळी भुकटी उडते, नाकात जाते, रात्री रुमाल काळा होतो. बिडात कार्बनचे, म्हणजे ग्रॅफाइटचे, बारीक पापुद्रे असतात, तिथे ते तुटतं. या धातूची भुकटी त्यांनी 34 वर्षं अंगावर घेतली, आणि त्याच धातूवर आई तेवढीच वर्षं भाकऱ्या भाजत होती. दोघं त्याबद्दल कधी बोलले असतील असं मला वाटत नाही.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातही लोक बिडाच्या मोठ्या गोल, सपाट तव्यावर धिरडी घालतात, कुट्टूच्या पिठाची, आणि त्यात चीज घालून कडा आत दुमडतात. मी बाबांना हे सांगते.

"बिडाच्याच?"

"बिडाच्याच."

ते मान हलवतात. त्यांना ते पटलेलं दिसतं.

आई कांदा मागते. अर्धा चिरून, पाठीत काटा खोचून, चिरलेली बाजू तेलात बुडवून तव्यावर फिरवायची. बाबा फिरवतात. मग ती म्हणते, "थेंब टाका." ते बोटाने पाण्याचा थेंब उडवतात. थेंब गोळी होऊन तव्यावर पळत सुटतो, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि कुठेच बसत नाही.

"पळतोय म्हणजे फार तापलाय. कमी करा. थेंब बसला पाहिजे. बसून चुर्र झाला पाहिजे."

गॅस बारीक. बीड सावकाश तापतं आणि निवायलाही वेळ घेतं, त्यामुळे थांबावं लागतं. बाबा थांबतात. दुसरा थेंब थोडा कमी पळतो. तिसरा बसतो.

सोडा जातो पिठात, पाव चमचा. बाबा चार वेळा पळी फिरवतात, मोजून, आणि माझ्याकडे बघतात. पीठ वर येतं, त्याला बारीक फेस धरतो. पाला, पनीर, अर्धं चीज. एक पळी तव्याच्या मधोमध. पसरवायचं नाही, जाड हवंय. पीठ आपलं आपण गोल होतं आणि थांबतं. वर बुडबुडे येतात, फुटतात, भोकं उघडी राहतात. बाबा किसलेलं चीज आणि शेपू वरून पेरतात.

"कडा सुटल्या," आई म्हणते. "उलटा."

बाबा उलटतात. छान उलटतात, मनगट फार न वर नेता. वरची चीजची बाजू आता खाली तव्यावर. चुरचुर जोरात सुरू होते. अर्धं मिनिट. धिरड्याला दुसऱ्या बाजूने एवढाच वेळ लागतो. हजारो धिरडी घातलेल्या माणसाच्या अंदाजाने आई म्हणते, "काढा."

उलथणं खाली जात नाही. बाबा जोर लावतात. पॅनकेक मधून फाटतो, वरचं अर्धं उलथण्यावर येतं, खालचं चीज तव्यावर लगदा होऊन राहतं, पिवळं, चिकट, तारा काढणारं. धूर येतो. छोटीचा चेहरा पडतो. बाबा गॅस बंद करतात आणि उलथण्याने तवा खरवडत राहतात. काही बोलत नाहीत. त्यांच्या कानशिलाजवळची शीर दिसते आहे. एखादा भाग वाया गेला की कारखान्यातून ते असेच यायचे.

"रशियन लोकांत म्हण आहे, बाबा," मी म्हणते. "पहिल्या ब्लिनचा गोळाच होतो. ब्लिन म्हणजे त्यांचं धिरडं."

"चूक माझी," आई म्हणते. "मी घाई केली. धिरड्याचं सांगितलं. हे धिरडं नाही."

छोटी आजीकडे वळून बघते. आईने हे म्हटलं, याचं तिला केवढं वाटलंय ते तिच्या डोळ्यांत दिसतं.

बाबा खरवडलेला भाग ताटलीत काढतात. त्यातला शेवटचा, तव्यावर जास्त वेळ राहिलेला तुकडा तपकिरी झालाय, कडक, जाळीदार. छोटी तो उचलून तोंडात टाकते. कुर्रकन आवाज येतो.

"आजी, हे भारी आहे."

आई तुकडा मागते. चावते. मग तव्याकडे बघते, आणि मला दिसतं की ती आता विचार करायला लागली आहे. "हा सुटून आला का ओढून काढला?" ती बाबांना विचारते.

"हा आपोआप सुटला. आधीचे ओढावे लागले."

"म्हणजे थांबायला पाहिजे होतं."

बरोबर आहे. वितळलेलं चीज तव्याला धरतं, पण तिथेच राहू दिलं तर त्यातलं पाणी निघून जातं, खालची बाजू कडक होते आणि तवा सोडते. पाणी आहे तोवर तिथली उष्णता 100 अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही. पाणी सरलं की ती चढते, आणि 140 च्या आसपास दुधातली साखर आणि प्रथिनं मिळून तो तपकिरी रंग आणि तो खमंग वास तयार होतो. मात्र थांबायचं किती, ते वरून दिसत नाही. वरून दिसते ती पॅनकेकची पाठ. कडा तर केव्हाच सुटलेल्या असतात.

तवा पुसून, पुन्हा कांदा, पुन्हा थेंब. दुसरी पळी. भोकं. चीज, शेपू. बाबा उलटतात. चुरचुर.

आई खुर्चीवर जाऊन बसली आहे, दारात, तव्याकडे पाठ करून. गॅलरीतून येणाऱ्या उन्हात तिने तोंड फिरवलंय. मला आधी वाटतं, ती रुसली. मग तिची मान बघते. मान किंचित तिरकी आहे, डावा कान स्वयंपाकघराकडे.

"काढू का?" बाबा विचारतात.

"नाही."

चुरचुर चालू आहे, दाट, सलग. हा आवाज आपण तेलाचा समजतो, तो असतो पाण्याचा. प्रत्येक बारीक थेंबाची वाफ होते आणि ती तेलातून फुटून बाहेर पडते. आता आवाजात फटी पडायला लागतात. आधी दाट होता, आता दाणे वेगळे ऐकू येतात. प्लास्टरच्या टोकातून बाहेर आलेली आईची चार बोटं झोळीत हलत आहेत. अंगठा तर्जनीशी आलाय, उलथण्याची दांडी धरतात तसा.

"अगं, जळेल."

"थांबा."

फटी वाढतात. मग एक टिचकीसारखा आवाज, मग थोडी शांतता, मग अजून एक.

"आवाज बदलला," आई म्हणते. "आता."

बाबा उलथणं खाली घालतात आणि ते विनासायास जातं. पॅनकेक उचलला जातो, तव्यावर मागे काही राहत नाही, फक्त तेलाचं एक कडं. बाबा तो ताटलीत उलटा ठेवतात. चीजची बाजू वर: पूर्ण जाळी, तपकिरी, शेपूचे धागे तिच्यात वितळून बसल्यासारखे, कडेला झालर. मधोमध अजून फसफसतंय. छोटी टाळ्या वाजवत नाही, काही नाही. वाकून नाक जवळ नेते आणि नुसता वास घेते. नाक दाबत नाही.

ती तोडते. तार येते, हातभर. दोन्ही हातांनी ताणून ती तार तुटेपर्यंत आमच्याकडे बघते आणि मग खाते.

"तसाच?" मी विचारते.

तोंड भरलेलं आहे. ती मान हलवते, होकाराची, पुन्हा पुन्हा.

शेपू ती खाते आहे हे मी तिला सांगत नाही. चीजमधल्या तुपाने शेपूचा उग्रपणा धरून ठेवलाय, तो एकदम नाकात जात नाही, जिभेवर हळूहळू उतरतो. पानओवा मागून येतो, अगदी शेवटी. आईचं बरोबर होतं, दोन पानंच पुरे होती.

पुढचे भराभर होतात. तिसरा, चौथा, मिरची घातलेला पाचवा. तिसऱ्याला आई दारातून "आता" म्हणते, आणि बाबांचं उलथणं त्या शब्दाबरोबर खाली जातं. चौथ्याला तिने म्हणायच्या क्षणभर आधीच उलथणं गेलेलं मी पाहिलं. पाचव्याला ती बोललीच नाही. बाबाही काही विचारत नाहीत, हात तव्यावर धरून उभे आहेत, मान थोडी तिरकी करून. हुबेहूब तिच्यासारखी. फटी, दाणे, टिचकी. उलथणं आत. आई हे बघत नाही, ती उन्हाकडे तोंड करून बसलेली आहे, पण गालावर हसू आहे.

"लेथवरसुद्धा असंच होतं," बाबा म्हणतात, तव्याकडे बघतच. "हत्याराची धार गेली की आधी आवाज बदलतो. माप नंतर चुकतं. नवीन पोरं मापाची वाट बघायची."

"मग आधी का नाही बोललात?"

"तव्याला आवाज असतो हे कोणाला माहीत."

आईची ताटली ते स्वतः भरतात. हे तीन आठवड्यांत घरात आलेलं नवं काम आहे. डाव्या हाताने खायची तिला सवय नाही, मनालाही बरं वाटत नाही, म्हणून ती काट्याने खाते, आणि काट्याने खाता यावेत असे तुकडे बाबा करून देतात. आता ते सुरी घेतात आणि पॅनकेक कापतात, आधी अर्धा, मग पाव, मग प्रत्येक पावाचे तीन. सगळे तुकडे सारखे. जाळीचा कडक भाग प्रत्येक तुकड्यावर यावा म्हणून ते ताटली फिरवून फिरवून कापतात. बाजूला हिरव्या चटणीचा ठिपका. चटणी कालची आहे, त्यांनीच वाटलेली, जरा जाडसर.

आई काट्याला तुकडा लावते. एक खाते, दुसरा खाते. छोटी तिच्या गुडघ्याला टेकून उभी आहे, निकाल ऐकायला.

"आंबोळीपेक्षा बरा आहे," आई म्हणते. मग काही वेळाने, तिसरा तुकडा खाताना, "शेपू कळतच नाही."

बाबा आणि मी एकमेकांकडे बघतो.

पातेल्यात एक पळीभर पीठ उरलंय. सोड्याचा जोर आता कमी झालाय, बुडबुडे पूर्वीसारखे येत नाहीत, हा चपटाच होणार. बाबा तो घालतात, स्वतःसाठी. चीजही थोडंच उरलंय, ताटलीच्या कडेला चिकटलेलं. तेवढं बोटाने निपटून ते वर टाकतात. मी भांडी गोळा करायला लागते. छोटी चंदेरी चौकोन घेऊन गॅलरीत गेली आहे, ऊन पाडून भिंतीवर कवडसे नाचवते आहे. कवडसा स्वयंपाकघरात येतो, बाबांच्या निळ्या शर्टाच्या पाठीवर थांबतो, निघून जातो.

तव्यावरचा आवाज विरळ होत जातो. दोघंही गप्प आहेत. बाबा उलथणं घालतात, काढतात, गॅस बंद करतात. तवा तसाच तापलेला, ते त्याच्यावरून कोरडं फडकं फिरवतात, मग कांद्याचा तो काटा खोचलेला अर्धा तुकडा, आता कडेने करपलेला, तेलात बुडवून शेवटचा एक हात.

"पालथा नका ठेवू," आई म्हणते. "गार होऊ द्या आधी."

"हं."

"आणि अहो."

बाबा वळतात.

"उद्या भाकरी करून बघा."

बाबा काही क्षण तिच्याकडे बघतात, मग तव्याकडे. ज्वारीच्या पिठाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर आहे. ते स्टूल ओढून घेतात, त्यावर चढतात आणि डबा खाली काढून ओट्यावर ठेवतात, बाकीच्या डब्यांच्या रांगेत, कडेला.